खळीचा डबा आणि मगदूम सरांच्या पट्ट्या

आमच्या त्रैमासिकाच्या कचेरीतली रद्दी दर दिवाळीच्या आधी विकली जायची. किस्से मात्र कुठलाच रद्दीवाला नेत नाही, त्यामुळे ते साठत गेले. संशोधनाचं नियतकालिक म्हटलं की लोकांना वाटतं, तिथे गंभीर चेहऱ्याची माणसं गंभीर विषयांवर बसलेली असणार. अहो, मी तिथे बारा वर्षं सहसंपादक होते. एवढी मी आयुष्यात दुसरीकडे कुठे हसले नाही. आणि एकदा कोणी तोंडात मारावी तशी गप्प बसले, तेही तिथेच.

कचेरी म्हणजे शाहूपुरीत पंपांच्या सुट्या भागांच्या दुकानावरची एक खोली. चार-पाच कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी मिळून चालवलेलं त्रैमासिक. मी एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे आणि दुपारी इथे येत असे.

संपादक मगदूम सर. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातले. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा नेम, त्यामुळे पाचाच्या ठोक्याला कचेरीला कुलूप! आमच्याकडे संध्याकाळची बैठक अशी कधी झालीच नाही.

तिसरे कांबळे मामा. सरांच्याच कॉलेजात ते प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्त झाल्यावर सरांनी त्यांना इकडे बोलावून घेतलं. टपाल, पार्सलं, पत्ते लिहिणं सगळं मामांकडे. वर्षात रजा एकच, चौदा एप्रिलची. चहा तेवढा सर स्वतः करायचे. रसायनशास्त्राच्या माणसाला मोजमाप कळतं असं त्यांचं म्हणणं. तो चहा आम्ही दोघं मुकाट पीत असू.

सरांचा एकच ध्यास होता, आपल्या अंकात खोटं राहता कामा नये. चूक कुणाच्याही हातून होते, चोरीचा लेखही एखादा शिरतो. बाकीची नियतकालिकं पुढच्या अंकात कोपऱ्यात चार ओळी छापून मोकळी होत. सरांना ते पटत नसे. ज्यानं जुना अंक उघडला त्याला पुढच्या अंकातलं काय कळणार, असं ते विचारायचे. मग त्यांनी पट्टी काढली. लेखात काय खोटं आहे ते एका कागदाच्या पट्टीवर छापायचं, आणि ती पट्टी त्या लेखाच्या पहिल्या पानावर चिकटवायची. शिल्लक प्रतींत तर लावायचीच, पण आसपासच्या ज्या ज्या ग्रंथालयात अंक जातो तिथे स्वतः जाऊन लावायची. खळ मामा बनवायचे, मैद्याची, कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून.

* * *

मी रुजू झाले त्याच वर्षी एका प्राध्यापकांचा लेख चोरीचा निघाला. दुसऱ्या कुणाच्या प्रबंधातलं अख्खं प्रकरण त्यांनी उचललं होतं. मूळ मालकाचं साधं पोस्टकार्ड आलं, त्यात फक्त पान क्रमांक लिहिलेले. सरांनी ताबडतोब पट्टी छापून घेतली आणि आम्ही दोघं एस.टी.नं मलकापूरला निघालो. खळीचा डबा सरांच्या मांडीवर.

बांबवडे मागे पडल्यावर डब्याचं झाकण थोडं सुटलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, "पावणं, आमटी सांडाय लागलीया तुमची."

"आमटी नव्हे, खळ आहे," सर म्हणाले. "चोरी पकडायला निघालोय."

म्हाताऱ्यानं आपलं गाठोडं उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं.

मलकापूरच्या कॉलेजात पोचलो तर आमचा अंक अजून वेष्टनातच! वर मामांच्या हातचा पत्ता, गोल गोल अक्षर आणि सातच्या आकड्याला मधून आडवी रेघ. ग्रंथपाल बिचारे ओशाळले. म्हणाले, "सर, अंक अजून कुणी उघडलाच न्हाई. चोरी झाल्याली तुम्ही सांगितलासा म्हणून कळली."

सरांनी शांतपणे वेष्टन फोडलं, पट्टी लावली, हातरुमालानं दाबली, आणि आम्ही परत आलो. पंधरा दिवसांनी ग्रंथपालांचं पत्र आलं. पट्टी लावल्यापासून अंक जागेवर राहत नाही, प्राध्यापकांपासून क्लार्कपर्यंत सगळे वाचून गेले, पानं सुटी झाली आहेत, तरी आणखी एक प्रत पाठवावी.

सरांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, "बाई, पुढच्या अंकात सगळ्याच लेखांना पट्ट्या लावायच्या का?"

* * *

लेख आला की तो त्या विषयाच्या जाणकाराकडे तपासायला पाठवायचा, ही आमची पद्धत. एखादा विषय आम्हाला अगदीच परका असला तर लेखकालाच विचारायचो, बाबा, तुमच्या विषयातला जाणकार कोण? एका लेखकानं कसबा बावड्यातल्या एका गृहस्थांचं नाव कळवलं. आम्ही लेख पाठवला. तिसऱ्या दिवशी अभिप्राय हजर! आमचे एरवीचे परीक्षक सहा-सहा महिने लेख उशाला घेऊन झोपायचे. अभिप्रायात स्तुती तर विचारू नका. शेवटी एक किरकोळ सूचना, की शीर्षक थोडं लहान करावं.

मामांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. टपाल त्यांच्या हातातून जायचं, त्यामुळे गावातले निम्मे पत्ते त्यांना पाठ. म्हणाले, "म्याडम, ह्या दोघांचं घर एकच हाय. लेखक रस्त्याकडनं जातोय, परीक्षक मागल्या दारानं."

लेखकाला बोलावलं. सरांनी आपल्या हातचा चहा दिला. अर्धा कप पोटात गेल्यावर माणूस कबूल झाला. परीक्षक त्याचा सख्खा मेव्हणा निघाला.

"पण सर, त्येच्यावर रागावू नका," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "त्येनं आधी लेख नापासच केलता. दोन रात्री समजूत घातली तवा कुठं पास केलाय."

लेख परत गेला. मेव्हण्याला मात्र सरांनी दुसऱ्याच दिवशी पत्र टाकलं आणि कायमचा परीक्षक करून घेतला. पुढे दहा वर्षं त्यानं आमचे लेख तपासले. इतका कडक परीक्षक आम्हाला परत मिळाला नाही.

* * *

एका तरुण प्राध्यापकानं पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावाची पाहणी केली होती. घरोघर जाऊन प्रश्नावली भरून घेतलेली. तक्ते सुंदर, निष्कर्ष सुंदर, सगळंच सुंदर. सरांनी नुसत्या तारखा बघितल्या आणि चष्मा काढून ठेवला. अर्ध्याहून जास्त प्रश्नावल्या चैत्र पौर्णिमेला भरलेल्या!

आता चैत्र पौर्णिमेला आमच्या भागातलं गाव कुठे असतं हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. जोतिबाच्या डोंगरावर, यात्रेत. गुलालात.

सरांनी त्याला विचारलं, "त्या दिवशी गावात कुत्रं भेटत न्हाई. तुम्हाला चाळीस कुटुंबप्रमुख कुठले भेटले?"

पोरगा जरा गडबडला, पण हरला नाही. म्हणाला, "सर, गर्दी नव्हती, म्हणूनच काम निवांत झालं."

* * *

पुढे इंटरनेट आलं. कोपऱ्याकोपऱ्यावर कॅफे निघाले आणि चोरी करायला ग्रंथालयात जायचीही गरज उरली नाही. एकदा एक लेख आला, टाइप केलेला, स्पायरल बाइंडिंग केलेला. सातव्या पानावर मधोमध ओळ, 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा.'

सरांना कॉम्प्युटरचं वावडं होतं, पण गोष्ट त्यांना पहिल्या झटक्यात कळली. लेखकाला समोर बसवून त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. परत ठेवलं. जरा जोरात दाबून बघितलं. मग म्हणाले, "मी कधीचा दाबतोय. तुमच्याकडं काही होतं का बघा."

* * *

आता अध्यक्षांचा किस्सा. हा नीट ऐका, कारण पुढचं सगळं इथूनच सुरू होतं.

एका लांबच्या कॉलेजातून उसाच्या पाचटाबद्दलचा एक निबंध आला. काम चांगलं होतं, पण लेखक सात! आमचा अनुभव असा, की नावं जितकी जास्त तितकी काम केलेली माणसं कमी. सरांनी सातही जणांना पत्र टाकलं, की येऊन आपापला तक्ता समजावून सांगा. दोघं आले आणि त्यांनी सगळे तक्ते समजावून सांगितले. तिघांनी नावं मागे घेतली. सहावे प्राचार्य, ते आजारी पडले. सातवे त्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. ते आले, जीप घेऊन, बरोबर चार माणसं घेऊन. आमच्या खोलीत खुर्च्या तीनच होत्या, त्यामुळे निम्मी माणसं जिन्यात उभी राहिली.

"जागा आम्ही दिली, इमारत आम्ही बांधली, प्रयोगशाळंला नळ आमच्या पत्रानं आला," अध्यक्ष म्हणाले. "आन् निबंधात आमचं एक नाव बसत न्हाई व्हय?"

सर म्हणाले, "बसतं की. आमचा नियम साधा आहे. ज्याच्या हातानं काम झालं त्याचं नाव. आणि उद्या चूक निघाली तर पट्टीवर पण त्याचंच नाव. पट्टी मी स्वतः नेऊन लावतो, तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात सुद्धा."

अध्यक्षांनी पट्टी म्हणजे काय ते समजून घेतलं. जिन्यातल्या माणसांकडे एकदा बघितलं. इलेक्शन जवळ आलं होतं. मग मोठ्या मनानं म्हणाले, "पोरांचं काम हाय, पोरांचंच नाव राहू द्या. आमचं काढा."

जीप गेल्यावर सर आणि मी पोट धरून हसलो. मामा कोपऱ्यात पार्सलं बांधत होते. सुतळीची गाठ मारता मारता त्यांनी सहज विचारलं, "सर, ह्यो नियम कवापासनं हाय?"

"पहिल्या अंकापासून," सर ताठ मानेनं म्हणाले.

"बरं," मामा म्हणाले, आणि पुढचं पार्सल घेतलं.

* * *

त्या पहिल्या अंकाला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा मोठा समारंभ ठरला. सरांचा सत्कार, निवडक लेखांचं पुस्तक, जुन्या वस्तूंचं छोटं प्रदर्शन. पुस्तकात पहिला लेख अर्थातच सरांचा, पहिल्या अंकातला, गुळावरचा. पावसाळ्यात साठवलेल्या गुळाला पाणी कसं सुटतं आणि रंग कसा बदलतो, याची दोन वर्षं रोज घेतलेली मोजमापं. त्या लेखावर सरांचं नाव झालं होतं. मार्केट यार्डात गुळाचे व्यापारी उठून नमस्कार करायचे. लेखावर नाव एकट्या सरांचं, आणि तळाला बारीक अक्षरात एक ओळ, 'प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार.'

प्रदर्शनात ठेवायला सरांनी घरून त्या प्रयोगाची जुनी वही आणली. ते बँकेत गेले होते, मामा पोस्टात. मी वही उघडली.

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच हस्ताक्षर होतं. गोल गोल अक्षर, आणि प्रत्येक सातला मधून आडवी रेघ. रविवारची नोंद, दिवाळीची नोंद, भर पावसात पंचगंगेला पूर आलेल्या दिवसाची नोंद. समासात एके ठिकाणी त्याच अक्षरात लिहिलेलं, 'मेणकापडानं भांडं झाकून बघावं, फरक पडेल असं वाटतं.' आणि पुढच्या पानापासून तसं करून बघितलेलं. सरांच्या लेखातला सगळ्यात गाजलेला निष्कर्ष तोच होता. सरांचं अक्षर त्या वहीत फक्त महिन्याच्या शेवटी, 'पाहिले' म्हणून एक सही.

खरं सांगते, मला राग आला. मामांची मुलगी रसायनशास्त्रातच एम.एस्सी. झाली. तिनं आपल्या प्रकल्पात याच लेखाचा आधार घेतला होता, मगदूम सरांच्या नावानं. तो प्रकल्प मामांनी मला किती कौतुकानं दाखवला होता! पान उलटताना त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं होतं आणि म्हणाले होते, "आमच्या सरांचं."

इतकी वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या लेखांना पट्ट्या लावत हिंडलो. त्या पट्ट्यांची खळ कोण शिजवत होतं?

मला सरांना तोंडावर विचारायचं धाडस झालं नाही. मी एवढंच केलं. वही उघडी ठेवली आणि तिच्या शेजारी मामांनी त्या दिवशी पत्ता लिहिलेलं एक पार्सल ठेवलं. सर आले, बसले. वहीकडे बघितलं, पार्सलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. चार वाजले होते. ते चहा न करताच घरी गेले.

चार दिवस आले नाहीत. मामा काळजीनं विचारत राहिले, सरांना बरं न्हाई काय. मी काय सांगणार?

पाचव्या दिवशी सकाळीच सरांनी मला कॉलेजात गाठलं. डोळे सुजलेले होते. हातात एक कागद, पट्टीचा मजकूर. 'या लेखातील सर्व मोजमापे श्री. कांबळे यांनी केली असून मुख्य निष्कर्षाची कल्पनाही त्यांचीच आहे. लेखक म्हणून पहिले नाव त्यांचे हवे होते. ते न देणे ही माझी चूक आहे.' खाली सही.

सर म्हणाले, "त्या वेळी सगळेच तसं करायचे, बाई. लॅबवाल्याचं नाव कोण घालत होतं?" मग स्वतःच मान हलवली. "हे मेव्हण्याच्या अभिप्रायासारखं झालं. आपणच आपल्याला पास करायचं."

समारंभ आठ दिवसांवर होता. त्यांनी विचारलं, "समारंभ झाल्यावर लावूया, असं म्हणाल का तुम्ही?"

मी म्हणाले, "नाही."

"मला वाटलंच," ते म्हणाले, आणि तिथून थेट छापखान्यात गेले.

* * *

पट्ट्या छापून आल्या. मामांना काहीच ठाऊक नव्हतं. सरांनी खळ करायला सांगितली, त्यांनी नेहमीसारखी केली. कुणाचा लेख म्हणून विचारलंसुद्धा नाही. डबा टेबलावर ठेवला, ब्रश ठेवला. सरांनी त्यांना माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. एरवी मामा तिथे कधी बसत नसत. मग सरांनी पट्टी त्यांच्या हातात दिली.

मामांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि पट्टी वाचली. परत वाचली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

मामा उठले. कपाटातून पहिला अंक काढला. पानं न शोधता बरोबर तिसरा तक्ता उघडला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं.

"सर, ह्यो आकडा चुकलाय. वहीत बरोबर हाय. छापताना दोन आकडं उलटंपालटं झाल्यात."

सरांनी वही काढली, ताडून पाहिलं. खरंच चुकला होता.

"कांबळे, तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"अंक आला त्या दिवसापासनं."

"पंचवीस वर्षं? मग बोलला का नाही?"

"तवा लेख तुमचा हुता," मामा म्हणाले. त्यांनी पट्टीला खळ लावली, पहिल्या पानावर नीट बसवली, तळव्यानं दाबली. मग खळीच्या डब्यावर झाकण घातलं.

"आता माझं नाव हाय. दुसरी पट्टी छापून आणा."